पॅनेल आणि बॅटरी यांचा मेळ : वीजजोड नसलेल्या घरासाठी सौर संच कसा ठरवावा

गगनबावड्याच्या रस्त्यापासून आत असलेल्या आमच्या काकांच्या शेतघरात आम्ही पहिला सौर संच बसवला, तेव्हा १५० एएचच्या (एएच म्हणजे अँपिअर-तास, बॅटरीच्या साठ्याचे माप) दोन ट्युब्युलर, म्हणजे नळीदार प्लेटांच्या शिशाच्या, बॅटऱ्या घेतल्या आणि त्यांच्या जोडीला १०० वॅटची दोन पॅनेल लावली. "बॅटरी मोठी घ्या, पॅनेल काय, नंतर वाढवता येतील," असे विक्रेत्याने सांगितले आणि आम्हालाही ते पटले, कारण साठा मोठा असेल तर रात्र निभावेल असा आमचा सरळ हिशोब होता. पहिले काही महिने सगळे ठीक चालले. मधूनमधून मी बॅटरी तपासू या म्हणालो की काका म्हणत, "आरं, दिवा लागतोय न्हवं, मग कशाला हात लावतोस?" चौदाव्या महिन्यात रात्री साडेआठलाच इन्व्हर्टर बीप देऊ लागला. आम्लाची घनता मोजणारा हायड्रोमीटर घालून पाहिले, तर दोन्ही बॅटऱ्यांच्या मिळून बाराही कप्प्यांत ग्रॅव्हिटी, म्हणजे ही घनता, ११५० च्या आसपास अडकली होती; भरलेल्या बॅटरीत ती साधारण १२४० असते. बॅटऱ्या कोल्हापुरात आणून दोन दिवस चार्जरवर ठेवल्या, तरी काटा ११८० च्या वर चढला नाही.

त्या बॅटऱ्या जास्त वापराने गेल्या नव्हत्या. त्या एकदाही पूर्ण न भरल्यामुळे गेल्या होत्या. शिशाच्या बॅटरीतून वीज काढली की प्लेटांवर लेड सल्फेट तयार होते आणि बॅटरी पुन्हा पूर्ण भरली की ते विरघळून मूळ स्थितीला येते. परंतु बॅटरी आठवडेच्या आठवडे अर्धवट भरलेली राहिली, तर त्याच सल्फेटचे कठीण स्फटिक बनतात आणि प्लेटचा तेवढा भाग कायमचा निकामी होतो. म्हणून नवख्या माणसाला माझे पहिले सांगणे असे की, बॅटरी किती मोठी घ्यावी याच्याइतकाच, किंबहुना त्याच्या आधी, ती रोज भरून काढण्याची ताकद आपल्या पॅनेलांत आहे का, हा प्रश्न विचारावा.

पुढील पायऱ्या वीजजोड नसलेल्या किंवा मिळण्याची शक्यता नसलेल्या घरासाठी आहेत, म्हणजे शेतघर, राधानगरी किंवा शाहूवाडीच्या डोंगरावरील धनगरवाडा, गुरांचा गोठा किंवा रानातील राखणीची खोप यांसाठी. शहरातील छतावर महावितरणच्या मीटरला जोडून बसवतात तो संच वेगळा. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेचे अनुदानही अशा जोडलेल्या संचांसाठीच आहे, त्यामुळे शेतघराच्या स्वतंत्र संचाचा खर्च ठरवताना ते गृहीत धरू नये.

पहिली पायरी : रोजचा वापर मोजणे

कागद घेऊन प्रत्येक उपकरणाचे वॅट आणि रोजचे तास यांचा गुणाकार मांडावा. काकांच्या घराचाच हिशोब घेऊ. ९ वॅटचे चार एलईडी दिवे पाच तास चालले तर १८० वॅट-तास होतात. २८ वॅटचा बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) पंखा आठ तास चालला तर २२४ होतात. साधा जुना पंखा ७० ते ७५ वॅट घेतो, म्हणून सौर संचाचा विचार करणाऱ्याने सर्वांत आधी पंखा बदलावा, कारण पंख्यावर केलेला खर्च पॅनेल आणि बॅटरी या दोहोंत वाचतो. टीव्ही तीन तासांचा १५० आणि मोबाइलांचे चार्जिंग ५०, अशी बेरीज ६०४ वॅट-तास झाली. रानाकडे लावलेला ५ वॅटचा कॅमेरा दिवसरात्र चालतो, त्याचे १२० वेगळे.

इथे एक खर्च बहुतेक जण विसरतात आणि तो म्हणजे खुद्द इन्व्हर्टरचा. एकही दिवा चालू नसताना नुसता सुरू ठेवलेला इन्व्हर्टर १० ते २० वॅट खात राहतो. १५ वॅट धरले तर चोवीस तासांत ३६० वॅट-तास होतात, म्हणजे पंख्याच्या दीडपटीहून अधिक वीज कोणाच्याही उपयोगी न पडता संपते. म्हणून आम्ही कॅमेरा डीसी कन्व्हर्टर लावून थेट बॅटरीवर घेतला आणि इन्व्हर्टर संध्याकाळ ते रात्र असा दहा तासच चालू ठेवण्याची सवय लावली. तो खर्च १५० वर आला. इन्व्हर्टरची कार्यक्षमता ८५ टक्के धरून ६०४ चे ७१० होतात, त्यात हे १५० आणि कॅमेऱ्याचे १२० मिळवले की ९८० येतात. आपण १००० वॅट-तास, म्हणजे रोजचे एक युनिट, असे धरून पुढे जाऊ.

दुसरी पायरी : बॅटरीचा आकार

शिशाच्या ट्युब्युलर बॅटरीतून निम्म्यापेक्षा अधिक वीज नेहमी काढू नये, अन्यथा तिचे आयुष्य झपाट्याने घटते. दीड दिवसाचा साठा हवा असेल, तर १००० गुणिले दीड भागिले ०.५ म्हणजे ३००० वॅट-तास लागतात. १२ व्होल्टच्या १५० एएचच्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये जोडल्या की २४ व्होल्ट १५० एएच, म्हणजे ३६०० वॅट-तास मिळतात आणि त्यातील १८०० निर्धास्तपणे वापरता येतात. आपल्या उदाहरणाला हे नेमके पुरते.

२४ व्होल्टच का, तर तेवढ्याच वॅटसाठी करंट निम्मा होतो, वायर कमी तापते आणि पॅनेलची वीज बॅटरीला मापात देणारा कंट्रोलर लहान चालतो. ५०० वॅट-तासांपेक्षा कमी वापर असलेल्या खोपीला १२ व्होल्ट पुरे. एक युनिट आणि त्यापुढे मात्र २४ च घ्यावे. दोन्ही बॅटऱ्या एकाच कंपनीच्या, एकाच क्षमतेच्या आणि शक्यतो एकाच महिन्यात बनलेल्या असाव्यात. जुन्या बॅटरीच्या जोडीला नवी लावली, तर जुनी लवकर भरल्यासारखी दाखवते, नवी उपाशी राहते आणि वर्षभरात दोन्ही सारख्याच होतात.

लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी घेणाऱ्याला हा हिशोब हलका होतो. २५.६ व्होल्ट १०० एएचचा एक संच २५६० वॅट-तासांचा असतो आणि त्यातील ८० टक्के वापरले तरी २००० च्या वर मिळतात. अर्धवट भरलेली राहिल्याने ती खराब होत नाही, हा तिचा खरा फायदा आहे, आणि घाटमाथ्याच्या पावसाळ्यात तो फार मोलाचा ठरतो. सुरुवातीचा खर्च जास्त असतो, परंतु ज्यांच्या घरी दर महिन्याला बॅटरीत पाणी बघायला कोणी नसते, त्यांनी तो करावा असे माझे मत आहे. १२.८ व्होल्टच्या दोन लिथियम बॅटऱ्या सिरीजमध्ये जोडायच्या असतील, तर त्यांच्या आतील बीएमएसला, म्हणजे बॅटरीची राखण करणाऱ्या सर्किटला, ती जोडणी चालते का, हे माहितीपत्रकात पाहिल्याशिवाय जोडू नयेत.

तिसरी पायरी : पॅनेल किती वॅटची

या पायरीवर दोन स्वतंत्र कसोट्या आहेत. दोन्ही लावाव्यात आणि ज्या कसोटीचा आकडा मोठा येईल तो घ्यावा.

पहिली कसोटी रोजच्या विजेची. शिशाच्या बॅटरीत घातलेली सगळी वीज परत मिळत नाही. १००० वॅट-तास मिळण्यासाठी सुमारे १२५० घालावे लागतात. पॅनेलही त्याच्या पाटीवर लिहिलेले वॅट छतावर देत नाही, कारण ते आकडे सेल २५ अंशांवर असतानाचे आहेत आणि आपल्याकडे एप्रिलच्या दुपारी सेल ६० ते ६५ अंशांपर्यंत तापतो. उष्णता, धूळ आणि वायरमधील घट धरून मी तीनचतुर्थांश उत्पादन गृहीत धरतो. १२५० भागिले ०.७५ म्हणजे सुमारे १६६७. आता याला पूर्ण उन्हाच्या तासांनी भागायचे. पूर्ण उन्हाचा तास म्हणजे भर दुपारच्या तीव्रतेचे ऊन तासभर. सकाळ-संध्याकाळचे कोवळे ऊन त्यात आक्रसून मोजले जाते, म्हणून दिवस बारा तासांचा असला तरी हे तास चार-पाचच भरतात. कोल्हापूर परिसरात पावसाळा सोडून मी पाच तास धरतो. त्या हिशोबाने ३३३ वॅट, म्हणजे ३३५ वॅटचे एक पॅनेल पुरेसे वाटते.

परंतु जुलै महिना आठवावा. एकाच जिल्ह्यात शिरोळला ऊन-पावसाचा खेळ चालू असतो, तेव्हा गगनबावड्यात चार-चार दिवस समोरचा डोंगर दिसत नाही. पश्चिमेकडील तालुक्यांसाठी जून ते सप्टेंबर या काळात मी अडीच तासांपेक्षा जास्त धरत नाही. १६६७ भागिले अडीच म्हणजे ६६७ वॅट. ज्यांना पावसाळ्यात तिथे राहायचे आहे, त्यांनी हाच आकडा खरा मानावा. ज्यांचे घर शिरोळ-हातकणंगल्याकडे आहे, त्यांनी साडेतीन तास धरले तर ४७६ वॅटवर भागते.

दुसरी कसोटी करंटची, आणि आमचा पहिला संच याच कसोटीवर नापास झाला होता. ट्युब्युलर बॅटरीला तिच्या एएचच्या निदान १० टक्के इतका चार्जिंग करंट भर उन्हात मिळाला पाहिजे. १५० एएचसाठी १५ अँपिअर. चार्जिंगच्या वेळी २४ व्होल्टचा संच २८ व्होल्टच्या आसपास असतो, म्हणून १५ गुणिले २८ म्हणजे ४२० वॅट प्रत्यक्ष हवेत आणि भर उन्हातील घट २० टक्के धरली तर पाटीवरचे ५२५ वॅट होतात. आम्ही लावले होते २००. त्यातून उत्तम दिवशी सहा-सात अँपिअर येत, म्हणजे पाच टक्केही नाहीत, आणि दिवसाचा वापर वजा जाता बॅटरीच्या वाट्याला त्याहूनही कमी. इतक्या मंद करंटने कप्प्यांतील आम्ल ढवळले जात नाही, जड आम्ल तळाशी बसते आणि प्लेटा खालून सडत जातात. वरची मर्यादाही लक्षात ठेवावी : साधारण २० टक्के, म्हणजे १५० एएचला ३० अँपिअर, याच्या पुढे बॅटरी तापते आणि पाणी भराभर उडते. कंपनीने यापेक्षा वेगळा आकडा दिला असेल, तर तोच पाळावा.

दोन्ही कसोट्या मिळून उत्तर असे आले की काकांच्या घराला ३३५ वॅटची दोन पॅनेल, एकूण ६७० वॅट हवीत. भर उन्हात त्यांतून सुमारे २० अँपिअर येतात, म्हणजे १३ टक्के. खालची अटही पाळली गेली आणि वरचीही. बॅटरी मोठी करण्याचा मोह होतो तेव्हा हा हिशोब उलट दिशेने करून पाहावा : याच पॅनेलांवर २०० एएचच्या बॅटऱ्या लावल्या तर करंट १० टक्क्यांवर येतो आणि ढगाळ दिवसांत त्याच्याही खाली जातो. लिथियमला ही दुसरी कसोटी लागत नाही. तिला करंट कमी पडला तर ती फक्त उशिरा भरते; शिवाय वीज परत देण्यात ती काटकसरी असल्यामुळे याच वापराला अडीच तासांच्या उन्हातही ५६० वॅटच्या आसपास पुरतात.

चौथी पायरी : कंट्रोलर आणि व्होल्टेजचा मेळ

वॅट जुळले म्हणजे मेळ बसला असे नव्हे. बाजारात सहज मिळणाऱ्या ३३५ वॅटच्या ७२ सेलच्या पॅनेलचे काम करतानाचे व्होल्टेज ३८ च्या आसपास आणि करंट ८.८ अँपिअर असतो. हेच पॅनेल साध्या पीडब्ल्यूएम कंट्रोलरने १२ व्होल्टच्या बॅटरीला जोडले, तर कंट्रोलर पॅनेलला बॅटरीच्या व्होल्टेजपर्यंत खाली ओढतो; करंट तेवढाच राहतो आणि ८.८ गुणिले १३ म्हणजे जेमतेम ११५ वॅट हाती लागतात. पैसे ३३५ चे दिले आणि दोन तृतीयांश वीज वाया गेली, अशी घरे मी स्वतः पाहिली आहेत. पीडब्ल्यूएमच वापरायचा असेल, तर १२ व्होल्टला ३६ सेलचे, म्हणजे १८ व्होल्टच्या आसपास काम करणारे पॅनेल घ्यावे आणि २४ व्होल्टला ७२ सेलचे. ५४० वॅटच्या हाफ-कट पॅनेलवर १४४ अर्धे सेल दिसतात, तेही या हिशोबात ७२ च समजावेत. ६० सेलचे पॅनेल यांतल्या कोणत्याच बॅटरीशी पीडब्ल्यूएमवर नीट जुळत नाही.

एमपीपीटी कंट्रोलर जास्तीचे व्होल्टेज करंटमध्ये बदलून देतो. ३०० वॅटच्या पुढील कोणत्याही संचाला मी तोच सुचवतो. त्याच्या पाटीवरील दोन आकडे पाहावेत. पहिला आउटपुट करंट : ६७० वॅट भागिले २७ व्होल्ट म्हणजे २५ अँपिअर, म्हणून ३० अँपिअरचा घ्यावा. दुसरा आकडा पॅनेलकडील कमाल व्होल्टेजचा, आणि तो चुकला तर कंट्रोलर एका सकाळीत जळतो. काहीही जोडलेले नसताना पॅनेल जे व्होल्टेज दाखवते, त्याला व्हीओसी म्हणतात. आपल्या पॅनेलचे ते सुमारे ४६ आहे. दोन पॅनेल सिरीजमध्ये जोडली तर ९२ होते. थंडीत व्होल्टेज वाढते, दर अंशाला साधारण ०.३ टक्के, डिसेंबरच्या पहाटे तापमान १० अंशांवर आले तर ९२ चे ९६ होतात. १०० व्होल्टची मर्यादा असलेला कंट्रोलर इथे काठावर राहतो, म्हणून १५० व्होल्टचा घ्यावा.

मग पॅनेल पॅरलल का जोडू नयेत, असा प्रश्न येतो. ६५ अंशांपर्यंत तापलेल्या पॅनेलचे ३८ व्होल्ट उतरून ३२ च्या जवळ येतात आणि बॅटरीला शेवटच्या टप्प्यात २८.८ व्होल्ट हवे असतात. मध्ये तीनच व्होल्ट उरतात, तर अनेक एमपीपीटी कंट्रोलरना सुरू होण्यासाठी पॅनेल बॅटरीपेक्षा चार-पाच व्होल्टने वर असावे लागते. ज्या दुपारी सर्वांत जास्त वीज मिळायला हवी, त्याच दुपारी संच अडखळतो. सिरीज जोडणीत तापलेल्या पॅनेलांचेही ६४ व्होल्ट मिळतात आणि ही अडचण राहत नाही.

इन्व्हर्टर आणि कंट्रोलर एकाच पेटीत असलेले संयुक्त यंत्र घेणाऱ्यांनी त्या पेटीच्या मागची पाटी वाचल्याशिवाय पॅनेल खरेदी करू नये. १२ व्होल्टच्या पीडब्ल्यूएम यंत्रांवर व्हीओसीची मर्यादा अनेकदा २५ व्होल्टच्या आसपासच लिहिलेली असते आणि ४६ व्होल्टचे पॅनेल त्याला मुळीच चालत नाही.

पाचवी पायरी : जागा, सावली आणि स्टँड

कोल्हापूरचा अक्षांश सुमारे १६.७ अंश आहे, म्हणून पॅनेल दक्षिणेकडे तोंड करून १७ अंशांच्या उतारावर ठेवावे. फॅब्रिकेटरला अंश सांगण्यापेक्षा मीटरभर आडव्या अंतराला ३० सेंटीमीटर उंची असे सांगितले की काम चोख होते. कोल्हापूरच्या उद्यमनगरात असे स्टँड कोणीही करून देतो, मात्र लोखंड गॅल्व्हनाइज केलेलेच मागावे, नुसता रंग घाटाच्या पावसात दोन वर्षेही टिकत नाही. पायाचे बोल्ट वाऱ्याचा विचार करून घ्यावेत, कारण वळवाच्या आधीची वावटळ पॅनेलला पतंगासारखी उचलते.

सावली पाहताना आजचे ऊन पाहून निर्णय घेऊ नये. अंबाबाईच्या मंदिरातील किरणोत्सव, म्हणजे मावळतीची किरणे मूर्तीपर्यंत पोहोचण्याचा सोहळा, नोव्हेंबरच्या ९ ते ११ आणि जानेवारीच्या ३१ ते फेब्रुवारीच्या २ या तारखांनाच होतो, कारण मावळता सूर्य वर्षभर क्षितिजावर सरकत असतो आणि त्याच ठरावीक जागी तो वर्षातून दोनदाच येतो. वाटेतील बांधकामांनी किरणे अडतात हेही आपण दरवर्षी ऐकतो. आपल्या पॅनेलच्या बाबतीतही असेच घडते. मेच्या पहिल्या आठवड्यात दुपारी सूर्य अगदी डोक्यावर असतो आणि बांधावरच्या आंब्याची सावली त्याच्या बुंध्याशीच पडते. डिसेंबरमध्ये भर दुपारीही सूर्य ५० अंशांच्याच उंचीवर असतो आणि तीच सावली झाडाच्या उंचीच्या साधारण ८४ टक्के इतकी उत्तरेकडे पसरते. म्हणून दक्षिणेकडील झाड जितके उंच, निदान तितके अंतर सोडावे. पॅनेलच्या एका कोपऱ्यावर खांबाची सावली पडली तरी त्याचा एक तृतीयांश भाग बंद पडू शकतो, कारण आतील सेल तीन साखळ्यांत जोडलेले असतात.

ऊस पट्ट्यातील वाचकांसाठी आणखी एक गोष्ट. गळीत हंगामात कारखान्याच्या चिमणीची काळी राख आणि शेजारच्या फडातील जळलेल्या पाचटाची काजळी पॅनेलवर बसते आणि दवाने ती चिकटते. त्या काळात आठवड्यातून एकदा, सकाळी पॅनेल थंड असताना, साध्या पाण्याने आणि मऊ कापडाने पुसावे. तापलेल्या काचेवर गार पाणी मारू नये.

बॅटरी ठेवायची जागा हवेशीर असावी, कारण शिशाची बॅटरी भरताना हायड्रोजन वायू सोडते. देवघराच्या किंवा चुलीच्या खोलीत ती कधीही ठेवू नये. पंचगंगा, कृष्णा किंवा वारणेच्या काठच्या गावांत २०१९ आणि २०२१ च्या महापुराचे पाणी भिंतीवर कुठवर आले होते, त्या खुणेच्या वर बॅटरी आणि इन्व्हर्टर बसवावा. ते शक्य नसेल, तर निदान सुटे करून माळ्यावर नेता येतील अशी जोडणी ठेवावी.

सहावी पायरी : वायर, फ्यूज आणि जोडण्याचा क्रम

पॅनेलपासून कंट्रोलरपर्यंत १५ मीटर अंतर असेल, तर जाऊन-येऊन वायर ३० मीटर होते. ४ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या सोलर वायरने सिरीज जोडणीत दीड व्होल्टपेक्षा कमी घट होते, म्हणजे दोन टक्क्यांच्या आत. तीच पॅनेल पॅरलल असती, तर घट सात टक्क्यांवर गेली असती. कंट्रोलर ते बॅटरी अंतर दोन मीटरच्या आत ठेवून १० चौरस मिलिमीटरची वायर घालावी; इन्व्हर्टरची वायर त्याच्या माहितीपत्रकाप्रमाणे त्याहून जाड.

बॅटरीच्या पॉझिटिव्ह टर्मिनलजवळ फ्यूज असलाच पाहिजे. बॅटरीत शॉर्टसर्किट झाले तर शेकडो अँपिअर वाहतात आणि वायर पेट घेते. पॅनेलच्या बाजूला डीसीसाठीच बनवलेला एमसीबी लावावा. घरातला एसीचा एमसीबी डीसीची ठिणगी तोडू शकत नाही आणि आतल्या आत जळतो. वळवाच्या दिवसांत डोंगरावर विजा पडतात, म्हणून स्टँडला स्वतंत्र अर्थिंग द्यावे आणि डीसी बाजूला विजेचा अचानक झटका अडवणारा सर्ज प्रोटेक्टर बसवावा.

जोडताना आधी बॅटरी कंट्रोलरला आणि नंतरच पॅनेल, असा क्रम ठेवावा. सोडताना आधी पॅनेल आणि शेवटी बॅटरी. बॅटरी नसताना पॅनेल जोडले, तर कंट्रोलरला संच १२ चा की २४ चा हे कळत नाही आणि काही कंट्रोलर तेवढ्याने बिघडतात. हातातील अंगठी आणि कडे काढून ठेवावे, पान्याच्या दांड्याला टेप गुंडाळावी.

सातवी पायरी : सेटिंग आणि पहिले तीन महिने

कंट्रोलरमध्ये बॅटरीचा प्रकार निवडल्याशिवाय काम पूर्ण होत नाही. २४ व्होल्टच्या ट्युब्युलर संचाला अॅब्सॉर्प्शन (भरण्याचा शेवटचा टप्पा) २८.८ आणि फ्लोट (भरल्यावर तशीच टिकवून ठेवणे) २७ ते २७.४ व्होल्ट हे सर्वसाधारण आकडे आहेत. बॅटरीच्या पुस्तिकेत वेगळे आकडे दिले असतील, तर तेच पाळावेत. तापमान-सुधारणेचा, म्हणजे बॅटरीच्या तापमानाप्रमाणे चार्जिंगचे व्होल्टेज बदलण्यासाठीचा, सेन्सर मिळाला असेल, तर तो बॅटरीच्या अंगाला चिकटवावा. लिथियमला इक्वलायझेशन (मुद्दाम जास्त व्होल्टेजने चार्ज करून सगळे कप्पे सारखे करणे) आणि तापमान-सुधारणा दोन्ही बंद ठेवावे लागतात. ट्युब्युलरचे सेटिंग तसेच ठेवून लिथियम जोडणे ही महागात पडणारी चूक आहे.

ट्युब्युलर बॅटरी पूर्ण भरली की नाही, हे दिव्याच्या उजेडावरून किंवा इन्व्हर्टरवरच्या हिरव्या खुणेवरून ठरवू नये. व्होल्टेजवरून ठरवायचे असेल, तर काही तास ना चार्जिंग ना वापर अशी विश्रांती द्यावी. मग २४ व्होल्टच्या संचावर सुमारे २५ म्हणजे भरलेली आणि सुमारे २४.२ म्हणजे निम्मी. खरे उत्तर हायड्रोमीटर देतो. टोपण काढून त्याची नळी कप्प्यात बुडवावी, रबरी फुगा दाबून सोडावा आणि काच डोळ्याच्या रेषेत उभी धरावी. तरंगणारी नळी काचेला चिकटली असेल तर टिचकी मारून मोकळी करावी आणि द्रवाची पातळी ज्या रेघेला टेकते तो आकडा वाचावा. भरलेल्या ट्युब्युलर बॅटरीत तो साधारण १२४० असतो. चष्मा आणि हातमोजे घालावेत आणि शेजारी पाण्याची बादली ठेवावी. डिस्टिल्ड वॉटर नुकतेच घातले असेल, तर त्या दिवशी मोजू नये, कारण ते ढवळले गेलेले नसते.

पहिले तीन महिने दर महिन्याच्या एकाच तारखेला, दुपारी चारच्या सुमारास, स्वच्छ उन्हाच्या दिवसानंतर, बाराही कप्प्यांची ग्रॅव्हिटी वहीत लिहावी. सगळे आकडे एकत्र खाली सरकत असतील, तर पॅनेल कमी पडत आहे किंवा वापर वाढला आहे. तिसऱ्या पायरीचा हिशोब पुन्हा करावा आणि पॅनेल वाढवेपर्यंत टीव्ही किंवा पंखा कमी करावा. एकच कप्पा इतरांपेक्षा ३० ने मागे पडला, तर कंट्रोलरमधून इक्वलायझेशन द्यावे. त्यानेही तो वर आला नाही, तर वॉरंटीची मुदत संपण्याची वाट न पाहता ती वही घेऊनच दुकानात जावे. पावसाळ्याच्या तोंडावर, मे अखेरीस, एक मोजणी चुकवू नये : बॅटऱ्या १२४० वर असताना जून उजाडला पाहिजे, आणि जुलैत सलग तीन दिवस ऊन पडले नाही तर चौथ्या दिवशी जनरेटरवर किंवा गावातील कोणाच्या तरी चार्जरवर त्या पूर्ण भरून घ्याव्यात. काकांच्या दुसऱ्या संचाला आता चार पावसाळे झाले आहेत, आणि गेल्या मे महिन्याच्या मोजणीत बारापैकी अकरा कप्प्यांचा आकडा १२३५ च्या वर होता. बाराव्याचा १२२० होता, त्याला इक्वलायझेशन दिल्यावर तो १२३० वर आला.